समुद्रावर विकत घेतलेली माळ

पन्नाशीला आलेल्या चार माणसांनी एकाच दुकानातून हत्तींच्या छापाच्या ढगळ विजारी घ्याव्यात, त्या घालून वाळूत बसावं आणि ‘आता आपण खरे स्वतःसारखे जगतोय’ असं एकमेकांना सांगावं, यापेक्षा केविलवाणं काही मी पाहिलेलं नाही. त्या चौघांतला एक मी होतो.

आम्ही धाराशिवचे. एकाचं औषधांचं दुकान, दोघं प्राध्यापक, मी सरकारी कचेरीत. औषधवाला आमचा पुढारी. त्याला मोबाइलवर जुन्या हिप्पींचे व्हिडिओ सापडले आणि तेव्हापासून दर रविवारी बायपासच्या हॉटेलात तो आम्हाला त्यांच्या कथा सांगू लागला. त्यांनी नोकऱ्या सोडल्या, घरं सोडली, कुणाला काय वाटेल याची पर्वा सोडली. आम्ही माना डोलवायचो. आमच्यापैकी कुणी काही सोडलं नाही. गोकर्णला गेलो तेही शिल्लक रजा बघून, बायकांना कार्यशाळा आहे असं सांगून. केस वाढवायचं ठरलं होतं, पण दोघांच्या डोक्यावर वाढण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तिथं किनाऱ्यावर एक म्हातारा गोरा माणूस चादर पसरून माळा विकत होता. त्याच्या स्वतःच्या गळ्यात कवड्यांची माळ होती. तशीच एक मी घेतली. त्यानं ती हसत माझ्या गळ्यात घातली आणि औषधवाल्यानं फोटो काढला.

“आता दिसतोस माणूस,” फोटो बघत औषधवाला म्हणाला. मला ते खरं वाटलं.

कवड्यांची माळ मी जन्मापासून बघत आलोय. तुळजापूरच्या रस्त्यावर आमचं गाव आहे. माझी चुलती देवीची आराधीण. मंगळवारी आणि शुक्रवारी ती गळ्यात माळ घालते, हातात परडी, म्हणजे देवीची चपटी टोपली घेते आणि पाच घरी जोगवा मागते. कुणी पीठ घालतं, कुणी मीठ. मी कॉलेजात असताना मित्र घरी आले की तिला मागच्या दारानं बाहेर काढायचो. “काकी, इकडनं जावा,” एवढंच म्हणायचो आणि ती जायची. तीच माळ गोऱ्या गळ्यात दिसली तेव्हा मला ती स्वातंत्र्याची खूण वाटली. याला मी मूर्खपणाही म्हणत नाही. मूर्खाला निदान कळत नसतं.

चुलती आता थकली आहे. गेली काही वर्षं तिला एकच काळजी: परडी घरातली आहे, तिच्यामागं ती धरणार कोण? तिच्या मुलानं पुण्याहून फोनवर नाही म्हणून सांगितलं. सुनेनं हसून विषय बदलला. माझ्या बायकोला विचारायची तिची हिंमत झाली नाही. मला कधी विचारायचा प्रश्नच नव्हता, मी मागच्या दाराचा माणूस.

या उन्हाळ्यात औषधवाल्याच्या डोक्यात आलं, माझ्या शेतात झाडाखाली अनवाणी बसून व्हिडिओ करायचा. एका मंगळवारी सुट्टी होती. चौघं त्या विजारी घालून निघालो आणि चहासाठी आधी गावातल्या घरी थांबलो. माझ्या गळ्यात माळ होती. चुलती ओट्यावर बसली होती. मला बघून ती उठली, जवळ आली आणि कवड्यांवरून बोटं फिरवू लागली.

“कवा घातलीस रं?”

“झाला महिना.”

“कुणाच्या हातनं?” देवीची सेवा पत्करताना माळ कुणीतरी जाणत्यानं घालावी लागते.

मागं तिघं मित्र उभे होते. मी म्हणालो, “समुद्रावर एक बाबा होता. त्यानं घातली.”

शब्द न शब्द खरा होता. इतकं सफाईदार खोटं मी कचेरीतही कधी बोललो नव्हतो.

चुलतीनं डोळ्यांना पदर लावला. “आई राजा उदो उदो,” असं पुटपुटत ती आत गेली. बाहेर आली ती परडी घेऊन. वाटेत शेजारणीला हाक मारली, “ये, बघ गं! आमच्या सायबानं माळ घातली! मी सुटले!” आणि परडी माझ्या हातात दिली. “आज मंगळवार हाय. चल, पाच घरं. म्या संगं हाय.”

सांगून टाकायला तेवढाच वेळ होता. मी सांगितलं नाही. तिची दया आली म्हणून नव्हे. मला ते आवडत होतं, म्हणून.

पहिल्या घरी बाईनं पीठ घालून माझ्या पायांना हात लावला. हत्तींच्या विजारीतल्या पायांना. दुसऱ्या घरी मीठ मिळालं. तिसऱ्या घरी माझ्या वर्गातला एकजण ट्रॅक्टर धूत होता.

“काय सायेब, पगार पुरंना व्हय? अन् ही विजार बायकूची घातली का?”

मी काही बोलायच्या आत चुलती कडाडली, “तुज्या घरात हाय का रं कुणी परडी धरणारं? न्हाय ना? मग जोगवा घाल अन् गप ऱ्हा.”

तो वरमला. गेल्या कित्येक वर्षांत तिचा आवाज इतका चढलेला मी ऐकला नव्हता. चौथ्या घरापर्यंत ती माझ्यापुढं ताठ मानेनं चालली. वाटेत भेटेल त्याला सांगत होती, “घरातच ऱ्हायली परडी.”

पाचव्या घराच्या दारात औषधवाला मोबाइल धरून उभा होता. “भारी दिसतंय! एकदम ओरिजिनल! जरा उजेडाकडं तोंड कर.”

आणि मी केलं. घरातली बाई ओंजळीत पीठ घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिच्याकडं पाठ करून मी उजेडाकडं वळलो, विजारीची घडी नीट केली, हनुवटी वर केली आणि दूर कुठंतरी बघितल्यासारखं केलं, त्या व्हिडिओंतली माणसं बघतात तसं.

चुलतीनं माझ्याकडं बघितलं. मग मोबाइलकडं.

“दे हिकडं,” ती म्हणाली. परडी माझ्या हातातून काढून घेतली आणि त्या बाईसमोर स्वतः धरली.

परत येताना मित्र मागं राहिले. चुलतीनं परडीवर पदर ओढला. मग म्हणाली, “बाबानं घातली म्हणालास.”

“विकत घेतली, काकी.”

“मग तसं सांगायचं. म्या काय मारलं असतं का तुला?” थोडं चालून ती थांबली. “साऱ्या गल्लीत सांगून बसले की म्या.”

औषधवाल्यानं तो व्हिडिओ टाकला. मागं बासरी लावली, वर लिहिलं, ‘मुळांकडे परत’. लोकांना फार आवडला. परडीकडं चुलतीचा हात येतो त्याच्या जरा आधी त्यानं तो कापला आहे. न कापलेला माझ्याकडं आहे. मी तो बघतो. हनुवटी वर करणारा तो इसम कुणासारखा दिसतोय याचा विचार करतो. हिप्पीसारखा नाही. परडी धरणाऱ्यासारखाही नाही. ती विजार आणि माळ काढली तर खाली कोण निघेल, हे मला सांगता येत नाही. ‘स्वतःसारखं जगा’ म्हणणाऱ्या त्या चौघांपैकी कुणालाही ते सांगता येणार नाही.

परवा चुलतीचा फोन आला. परडी ती तुळजापूरच्या एका आराधिणीला देऊन टाकणार आहे. त्या आराधिणीची लेक ती पुढं धरणार आहे, म्हणून.

“पुनवेला जायचंय. बसनं होत न्हाय आता. गाडी आणशील का?”

मी हो म्हणालो.

“तेवढं कर,” ती म्हणाली. “अन् ती माळ घालून येऊ नगंस.”