दोन बिल्ल्यांची गाडी

कॉलेजसमोरच्या सिग्नलला दोन स्पोर्ट्स कार शेजारी थांबल्या होत्या. बिल्ले दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे, पण दारं, काचा, पाठीचा उतार अगदी एकच.

"दोन्ही कंपन्यांनी मिळून बनवलीय," सोबतची मैत्रीण म्हणाली. "अशा गाड्या खपतात थोड्या, एकट्या कंपनीला खर्च झेपत नाही. आता दोघींच्या शोरूममध्ये गाडी आहे, आणि भांडणही चालूच आहे."

मला आमची सामाईक विहीर आठवली. बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नाहीत, तरी पाणी पाळीने घेतात. माझं इंजिनिअरिंगही तसंच सामाईक आहे. एका वर्षाची फी बाबा भरतात, पुढच्या वर्षाची काका. गावात दोघंही सांगतात, "आमची पोरगी इंजिनिअर होतेय."

मला हे शिक्षण सोडावंसं वाटतं. मागच्या आठवड्यात धीर करून बाबांना फोनवर तसं सांगितलं. ते म्हणाले, "यंदा तुझ्या काकाची पाळी आहे, त्याला विचार."

काका म्हणाले, "आधी बापाला विचार. मी त्याच्याशी बोलत नाही."

सिग्नल सुटला, गाड्या निघून गेल्या. मी तासाला जाऊन बसले. ठरवायची माझी पाळी कधी येते, हे कुणाला विचारायचं ते मला अजून कळलेलं नाही.