नारिंगी जाकिटातले व्याही

न्यूझीलंडच्या हरणांनी वर्गणी काढून एखाद्या माणसाचा पुतळा उभारायचं ठरवलं, तर तो आमच्या व्याह्यांचाच असेल, आणि पुतळ्याच्या अंगातही नारिंगी जाकीट असेल. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. पिंपरीच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून त्यांनी हयात घालवली. मी आणि ते, दोघेही न्यूझीलंडमधल्या अप्पर हट या गावी लेक-जावयाकडे लांबलचक मुक्कामाला येतो आणि एकाच खोलीत, एकमेकांची घोरणी मानाने सहन करत राहतो. जावयाला शिकारीचा नाद लागला आणि व्याह्यांना जावयामागे जायचा. शेजाऱ्याने ऑम्लेट केलं तरी इकडे खिडक्या लावून घेणारा हा माणूस बंदुकीमागे डोंगरात काय करतो, हे कोडं मला बराच काळ सुटलं नव्हतं. विचारलं तर म्हणत, "माझं काम मारण्याचं नाही, कुणाला मरू न देण्याचं आहे." कुणाला, ते सांगत नसत. हरणांनी आपल्या परीने अर्थ लावून घेतला होता.

बंदुकीचे नियम त्यांना अथर्वशीर्षासारखे पाठ. "प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची" हा नियम तर इतका अंगात भिनलेला की बागेतला पाण्याचा पाइपसुद्धा तोंड जमिनीकडे करूनच धरायचे आणि त्याच्यासमोर कुणाला उभं राहू द्यायचे नाहीत. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला जातानाही अंगात, शिकारीत माणूस लांबून ओळखू यावा म्हणून घालायचं ते, नारिंगी जाकीट. डेअरीवाला त्यांना रस्ता खोदणाऱ्यांपैकी समजून रोज विचारायचा, रस्ता कधी उघडणार? व्याही गंभीरपणे सांगायचे, "घाई करू नका." तो बिचारा अजून वाट बघतो आहे.

खरी गंमत कुंपणापाशी. आधी बंदूक रिकामी करायची, एकाने पलीकडे जायचं, मग बंदूक हातोहात द्यायची, असा नियम. पण पहिलं कोण जाणार?

"व्हा पुढे, व्याहीबुवा."

"छे, छे, तुम्ही मुलाकडचे. आधी तुम्ही."

"अहो, वयाने तुम्ही मोठे!"

जावई हातात बंदूक धरून रडकुंडीला येई. "बाबा, प्लीज! कुणीतरी जा ना!" एकदा तर पलीकडे चरणारं हरीण आमचा मानपान ऐकून इतकं कंटाळलं, की तेच कुंपणावरून उडी मारून आमच्या बाजूला आलं आणि आम्ही वळेपर्यंत दिसेनासं झालं.

तर, एप्रिलमधली गोष्ट; इकडे तेव्हा हिवाळा तोंडावर आलेला असतो. डोंगरात माजावर आलेल्या नर हरणांचं ओरडणं चालू होतं आणि थंडी अशी, की शब्द तोंडातून बाहेर पडताच गोठावा. माझ्या अंगात जाकीट होतंच, पण वरून मी लग्नात व्याह्यांनी मानाची म्हणून दिलेली तपकिरी शाल पांघरून पुढे गाठ मारली. ऊबही मिळेल आणि त्यांनाही बरं वाटेल. मग जरा आडोशाला जायची वेळ आली. आता हे काय ओरडून सांगायचं? निमूटपणे नेच्यांच्या, म्हणजे फर्नच्या, जाळीमागे जाऊन बसलो. थोड्या वेळाने पलीकडून जावयाची कुजबुज आली.

"बाबा, हलू नका. तिकडे आहे."

"काय दिसतंय नक्की?"

"तपकिरी. खाली बसलंय."

मी श्वास रोखला. माझ्या इतक्या जवळ हरीण! इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कुठेच दिसेना.

"शिंगं?"

"नाहीत. वय झालेलं असावं. सुस्त आहे हो, बाबा, परत असा चान्स येणार नाही!"

मला वाटलं, मी इथे आहे म्हणून आवाज द्यावा. पण जावयाची पहिली शिकार माझ्यामुळे हुकली, तर लेकीला काय तोंड दाखवू? मी दगडासारखा बसलो. व्याह्यांचा आवाज मात्र चढला. "नुसता रंग म्हणजे प्राणी नव्हे. डोकं, मान, पाय, सगळं दिसलं पाहिजे. आणि आपला एक माणूस कुठे आहे? तो दिसेपर्यंत बंदूक खाली!"

"बाबा, तुम्ही ना..."

"खाली म्हटलं ना! व्याहीबुवा! अहो व्याहीबुवा!"

अख्ख्या खोऱ्यातले पक्षी उडाले. अशा हाकेला बसून उत्तर देणं बरं दिसेना, म्हणून उभा राहिलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हरीण कुठे होतं.

जावयाने बंदुकीचा बोल्ट उघडून गोळ्या काढल्या आणि ओल्या शेवाळावर तसाच बसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. व्याही माझ्यापाशी आले. आता अर्ध्या तासाचं प्रवचन ऐकावं लागणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्यांनी माझ्या खांद्यावरच्या शालीलाच हात घातला. काढायला लागले, तर गाठ सुटेना. अखेर मीच सोडवली. शालीची घडीसुद्धा न करता ती त्यांनी काखेत दाबली आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

घरी पोचलो तर लेक दारातच. "काय मग, मिळालं का काही?"

व्याह्यांनी जाकिटाची चेन सावकाश उघडली. "तिघं गेलो होतो," ते म्हणाले, "तिघं आलो."

लेक खळखळून हसली. तिला तो सासऱ्यांचा नेहमीचा विनोद वाटला. कपात चहा ओततानाही ती हसतच होती, आणि आम्ही तिघे तिच्याकडे बघत बसलो होतो.