माझ्यावर टाकलेला पडदा

अक्षय्य तृतीया: करारनामा झाला. जबाबदार मी स्वतः, कारण मसुदा माझा होता. मारबतीचा दिवस: मला चित्रातून काढून टाकण्यात आले. जबाबदार चित्रकार बाई आणि माझी धर्मपत्नी, संयुक्तपणे व पृथकपणे. संक्रांतीनंतरचा पहिला रविवार: सदर कृत्य प्रदर्शनात उघडकीस आले. जबाबदार वरील दोघी, आणि ज्यांनी ज्यांनी त्या पडद्याची तारीफ केली ते समस्त नागपूरकर.

आता हकीकत.

माझी सगळी नोकरी न्यायालयाच्या कचेरीत गेली. तिथल्या भिंतींवर जुन्या न्यायाधीशांची तैलचित्रे होती. त्यांच्या नजरेखाली बसून मी फायली शिवल्या आणि मनात एक ठरवले, की मरण्यापूर्वी आपणही तेलात उतरायचे. लग्नाला पन्नास वर्षे होत आली तेव्हा निमित्त सापडले. महाल भागात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक तरुण बाई जुन्या युरोपीय उस्तादांच्या रीतीने चित्रे काढते असे कळले. तिच्या आजोबांच्या घरी माग होते. त्यामुळे कापड रंगवण्यात तिचा हात कोणी धरत नाही, असेही कळले. या दुसऱ्या माहितीकडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवे होते.

करारनामा मी मुद्रांक कागदावर केला. कलमे अकरा. कॅनव्हासची लांबी-रुंदी, चौकटीचे लाकूड, मुदत, काहीही सोडले नाही. पाचवे कलम असे: ‘उभयतांनी चित्रकाराच्या सोयीनुसार बैठकीस बसावे.’ वाचकांनी हे कलम ध्यानात ठेवावे. मी नंतर ते इतक्या वेळा वाचले आहे की झोपेतही म्हणू शकतो.

बैठका सुरू झाल्या. पत्नी करवतकाठी साडी नेसून खुर्चीत बसे. मी मागे उभा, उजवा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर. खिडकी उत्तरेची, कारण म्हणे तिथला उजेड बदलत नाही. आधी सगळे चित्र मातकट रंगात उभे करायचे, मग त्यावर रंगाचे पातळ थर, एक वाळला की दुसरा. तेल जवसाचे. विदर्भात जवसाची चटणी करतात. ही बाई त्यात माणसे कालवत होती. मे महिन्यात आमच्या गच्चीवर पापड तासाभरात वाळतात, मग तुमचा थर आठ दिवस काय करतो, असे मी विचारले. ती पुढचा रंग कालवू लागली. पत्नीने मात्र हसू दाबले, आणि चित्रात तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जे आहे ते तेच हसू आहे. म्हणजे त्या चित्रातील सर्वोत्तम जागेला कारण मी आहे. याची नोंद कुठेही नाही.

उभे राहून वेळ फुकट जाऊ नये म्हणून मी त्या काळात माझे अर्ज तोंडी रचत असे. धंतोलीत आमच्या घराला तिन्ही बाजूंनी दवाखाने आहेत. जनरेटर, फाटकासमोरच्या गाड्या, कोपऱ्यावर टाकलेल्या शहाळ्यांच्या कवट्या, विषय भरपूर. पाचव्या-सहाव्या बैठकीला बाईने कुंचला खाली ठेवला.

“काका, तुम्ही बोलून राहिले ना, म्हणून ओठच सापडून नाही राहिला. काल होता तिथं आज नाही.”

मी तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कलम सांगितले. तिने ते ऐकून घेतले, आणि माझ्या तोंडाच्या जागचा रंग फडक्याने पुसून टाकला. असे पुढे किती वेळा झाले ते मी मोजले नाही. डोळे झाले, मिशी झाली, कानसुद्धा झाले. तोंडाच्या जागी मात्र श्रावण संपेपर्यंत एक तपकिरी भोक होते.

मग मारबतीचा दिवस आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालातून मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण बैठक ठरली होती आणि करार म्हणजे करार. खाली ‘इडापीडा घेऊन जा गे मारबत’चा गजर सुरू झाला. ध्वनिमर्यादा कोण पाळतो ते समक्ष पाहावे म्हणून मी उतरलो. दोन तासांनी वर आलो तर दोघी चहा पीत होत्या आणि चित्रावर फडके होते. बाई म्हणाली, “काका, तुमचं काम झालं. आता नाही आले तरी चालते.” माझे तोंड अखेर सापडले अशी माझी समजूत झाली आणि त्या आनंदात मी वाटेत अर्धा किलो संत्रा बर्फी घेतली. इडापीडा म्हणून त्या दिवशी खरोखर कोण गेले, हे मला साडेचार महिन्यांनी कळले.

संक्रांतीनंतर बाईच्या चित्रांच्या प्रदर्शनात आमच्या चित्रासमोर गर्दी होती. खुर्चीत पत्नी. मागे, माझ्या जागी, छतापासून जमिनीपर्यंत गडद जांभळा पडदा. त्याच्या चुणीतून बाहेर आलेला एक हात खुर्चीच्या पाठीवर. माझा. बाजूला जाऊन तिरपे पाहिले तर पडद्याखाली मिशीचा उंचवटा अजून दिसतो. प्रकरणावर पडदा टाकणे हा वाक्प्रचार मी हजार वेळा वापरला असेल. तो कोणी तेलरंगात करून दाखवील असे वाटले नव्हते.

एक गृहस्थ बायकोला म्हणाले, “पडदा पाह्य वं, जसा बोलूनच राहिला.”

एका बाईंनी तर माझ्या पत्नीचा हात हाती घेऊन हलक्या आवाजात विचारले, की काका केव्हा गेले. पत्नी म्हणाली, “गेले नाहीत जी. बाहेर लोकाइच्या गाड्या सरळ लावून राहिले.” मी तेव्हा दारात, ते काम आटोपून, उभा होतो.

चित्रकार बाईला मी करारनामा दाखवला. तिने पाचवे कलम माझ्यापुढे धरले. दोघांनी बसावे असे त्यात आहे. दोघांनी दिसावे असे कुठेही नाही. माझ्या उभ्या हयातीत इतके निर्दोष प्रत्युत्तर मला कोणी दिले नव्हते. मग ती खाली मान घालून म्हणाली, “काकूले विचारलं होतं मी, तोंडाचं काय करू म्हणून. त्या म्हणाल्या, झाकून टाक. मी सगळंच झाकून राहिली होती. तर म्हणाल्या, हात राहू दे.”

घरी मी पत्नीला विचारले. तिने विचारले, उत्तर तोंडी पाहिजे की लेखी. लेखी, असे मी म्हणालो. तर ती म्हणाली, तिचा चष्मा सापडत नाही. मी नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवली. ती तिने सही करून घेतली, आणि मी आतल्या खोलीत असताना पोस्टमनला पोहे दिले. पंधरा दिवसांची मुदत उलटून गेली आहे. चित्र आता आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. येणारे-जाणारे पडद्याला दाद देतात आणि तिच्याकडे पाहतात, आणि ती चित्रातल्यासारखीच हसते.

झाकण्याबद्दल माझी तक्रार मी येथे मागे घेतो. तोंडाविषयी तिचे म्हणणे काय असेल ते पन्नास वर्षांत मला अंदाजाने कळले आहे. वादाचा मुद्दा एकच उरतो. ‘झाकून टाक’ म्हणणाऱ्या पत्नीने हात का ठेवला? तो मेहरबानी म्हणून ठेवला, की खुर्चीला आधार म्हणून, की आणखी कशासाठी? लग्नाच्या येत्या वाढदिवशी घर पाहुण्यांनी भरलेले असेल. तिने त्या चित्राखाली, तशाच खुर्चीत बसून, सर्वांदेखत याचे उत्तर द्यावे. मी मागे उभा राहीन आणि तिचे बोलणे संपेपर्यंत तोंड उघडणार नाही. तशी लेखी हमी सोबत जोडली आहे.