लिंबू, आगगाडी आणि दोन खऱ्या जबान्या

त्रेचाळीस सालच्या उन्हाळ्यात साताऱ्यात दोन वेळा चालू होत्या. लढाईमुळं सरकारनं घड्याळं तासभर पुढं करायला लावली होती. कचेऱ्या, शाळा आणि आगगाडी नव्या टायमावर चालत. देवळातली आरती, गुरं आणि आमच्या खानावळीच्या बाई जुन्या टायमावर. मी मूळचा सांगलीचा. नुकताच बी.एस्सी. होऊन इथल्या एका शाळेत शास्त्र शिकवायला लागलो होतो आणि रोज कुठल्या तरी एका टायमाप्रमाणं उपाशी राहत होतो.

एके दिवशी वाचनालयाचे कार्यवाह शाळेत आले. ते पेशानं वकील. उन्हाळी व्याख्यानांसाठी पुण्याहून येणारे प्राध्यापक आजारी पडले होते आणि विषय तर हस्तपत्रकावर छापून झाला होता: ‘सापेक्षता आणि विश्वाचा पसारा’.

“तुम्ही बी.एस्सी. ना? मग झालं तर,” वकीलसाहेब म्हणाले.

झालं काय, कपाळ! कॉलेजात या विषयावर आमच्या सरांनी एकदा फळ्यावर एक समीकरण लिहिलं होतं आणि “हे परीक्षेला नाही” म्हणून लगेच पुसलं होतं. पण नाही म्हणायला धीर लागतो, तो माझ्याकडं नव्हता. आठ दिवस मी एक इंग्रजी पुस्तक उशाशी घेऊन काढले.

हस्तपत्रकावर ‘सायंकाळी सहा’ एवढंच छापलेलं होतं. त्यामुळं निम्मे लोक नव्या सहाला आले आणि उरलेले जुन्या सहाला. पहिले तासभर बसून तापलेले, दुसरे “आम्ही वेळेवरच आलोय” म्हणून तापलेले. मी घाबरून तिथूनच सुरुवात केली. म्हटलं, “मंडळी, ही सापेक्षता नव्हे, हा सरकारी हुकूम आहे. पण एकाच क्षणाला दोघांनी दोन आकडे सांगितले आणि दोघंही खरं बोलत होते, एवढं लक्षात ठेवा.” लोक हसले आणि मी बचावलो.

पुढं मी सांगितलं, की आकाशात ताऱ्यांचे प्रचंड समूह आहेत आणि ते एकमेकांपासून लांब लांब चालले आहेत. कुठल्याही समूहातून बघा, बाकीचे आपल्यापासूनच लांब जाताना दिसतात; म्हणून ज्याला त्याला वाटतं, आपणच विश्वाच्या मध्यावर आहोत. यावर सातारकरांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. त्यांना हे आधीपासून ठाऊक असावं.

मग मी आगगाडीवर आलो. “एकसारख्या वेगानं चाललेल्या गाडीत वस्तू हातातून सोडली, तर ती सरळ आपल्या पायापाशी पडते. पण फलाटावरच्या माणसाला तीच वस्तू तिरकी, पुढं जात पडताना दिसते.”

मागच्या रांगेतून एक उंच, पिळदार मिश्यांचे गृहस्थ उठले. पहिल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले, पेन्शनीत निघालेले सुभेदार.

“मास्तर, मी उभा जल्म आगीनगाडीतनं फिरलोय. सोडलेली वस्तू म्हागं पडती.”

“खिडकीबाहेर सोडली तर वारा मागं नेतो, सुभेदारसाहेब. डब्याच्या आत नाही.”

“आसं? मंग करून दावा की.”

सभेनं एकमुखानं ठरवलं, की मास्तरांनी करून दाखवावं.

रविवारी आम्ही तिघं, म्हणजे सुभेदार, वकीलसाहेब आणि मी, कोळशाच्या गॅसवर खोकत चालणाऱ्या बसमधून सातारा रोड स्टेशनवर गेलो. शास्त्राचं काम म्हणून सुभेदारांनी कोटावर सगळी पदकं लावली होती. ठरलं असं: मी आणि सुभेदार कोरेगावपर्यंत गाडीत बसायचं, वकीलसाहेबांनी फलाटाच्या टोकाला उभं राहायचं. गाडी त्यांच्यासमोर आली, की सुभेदारांनी दाराच्या थोडं आत उभं राहून वस्तू सोडायची.

“वस्तू आणलीत ना?” मी विचारलं.

सुभेदारांनी खिशातून एक पिवळंधमक लिंबू काढलं. “दगूड कुनाच्या पायावर पडला तर?”

त्यांची काळजी रास्त होती. पुढचं मात्र आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

गाडी सुटली. वकीलसाहेब समोर आले आणि मी ओरडलो, “सोडा!” सुभेदारांनी डोक्यावर धरलेलं लिंबू सोडलं. ते त्यांच्या बुटाच्या टोकावर टप्कन पडलं आणि घरंगळत बाकाखाली एका बाईंच्या गाठोड्याला जाऊन टेकलं.

“आगं बया बया! लिंबू उतरून टाकलं माज्यावर!”

सगळा डबा उभा राहिला. पदकं लावलेला मिशीवाला माणूस, त्याच्या शेजारी “सोडा” म्हणून ओरडणारा चष्मेवाला आणि बाकाखाली लिंबू. करणी म्हणायला आणखी काय हवं? मी जसजसं घाईघाईनं शास्त्र समजावू लागलो, तसतशी ती माउली आणखी मोठ्यानं रडू लागली. शेवटी सांगलीकडचे एक जैन व्यापारी शांतपणे उठले. त्यांनी लिंबू उचललं, चाकूनं कापलं, आपल्या फिरकीच्या तांब्यात पिळलं, वर चिमूटभर मीठ घातलं आणि पहिला घोट स्वतः घेतला. “चांगलं रसाळ आहे,” ते म्हणाले. मग डबा हसला. सुभेदारांनीही दोन घोट घेतले. बाईंनी मात्र कोरेगावपर्यंत आमच्याकडं पाठ करून बसणं पसंत केलं.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत आलो, तेव्हा वकीलसाहेब कागदावर जबानी लिहून तयार होते. “डब्याच्या उघड्या दारांतून रुळांपलीकडचं कुंपण दिसत होतं. लिंबू सुटलं तेव्हा कुंपणाच्या पहिल्या खांबासमोर होतं. पडलं ते दुसऱ्या खांबासमोर. साफ तिरकं गेलं.”

“आवं, माज्या बुटावर पडलं! सरळ!” सुभेदार उसळले.

“मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“आन् मी काय कानांनी बगितलं?”

“दोघांचंही खरं आहे,” मी म्हणालो.

“मास्तर, कोर्टात असं चालत नाही,” वकीलसाहेब म्हणाले. पण ते विचारात पडले होते.

बसची वाट बघत आम्ही बाहेर बसलो. नुकतं अंधारून येत होतं. सुभेदारांनी विचारलं, “परवा तुमी म्हनला, उजेडालाबी येळ लागतो. ते खरं का?”

पश्चिमेकडं व्याध लखलखत होता. मी बोट दाखवलं. “हा उजेड तिथून निघून आठ-नऊ वर्षं झाली. आपण बघतोय तो तेव्हाचा तारा. आज तिथं काय चाललंय, ते इथं कुणालाच ठाऊक नाही.”

सुभेदारांनी मान वर करून तिकडं बघितलं.

“माजी आई पौषात गेली,” ते म्हणाले. “मी बसऱ्याला. पत्र घावलं फाल्गुनात. मधल्या दोन म्हैन्यांत मी तिला दोन पत्रं धाडली. लिहनाऱ्याकडनं लिहून घेतलं, की बंडी शिवून ठेव, मी येतोय. मास्तर, तवा ती मला जित्तीच हुती की. थोरला भाऊ म्हनतो, पौषातच तिचा दिस करायचा. मी म्हनतो, माजी आई फाल्गुनात गेली. पंचवीस वर्सं आमी एका पंगतीला बसलो न्हाई. आता सांगा, कुनाचं खरं?”

शास्त्राच्या हिशेबानं थोरल्या भावाचंच खरं होतं. बसरा आणि सातारा जिल्हा एवढ्याशा अंतरावर सापेक्षता काही दोन महिन्यांचा फरक पाडत नाही. बातमी उशिरा पोचली, इतकंच. हे मला नीट माहीत होतं. पण दोन खऱ्या जबान्यांची गोष्ट मीच दिवसभर मिरवत होतो आणि शेजारी तो माणूस कोटाच्या बाहीनं डोळे पुसत होता.

“थोरल्या भावाला म्हणावं, तारखेचं तुझं बरोबर,” मी म्हणालो. “आणि तुमचं तुम्हाला बरोबर.”

वकीलसाहेबांनी घसा खाकरला, पण हरकत घेतली नाही.

पुढच्या पौषात सुभेदारांचा सांगावा आला. कोरेगावजवळच्या त्यांच्या गावी गेलो तर दोघं भाऊ एकाच घोंगडीवर बसलेले. समेट असा झाला होता, की पौषात थोरल्याकडं जेवण, फाल्गुनात धाकट्याकडं, आणि दोन्हीकडं दोघांनी बसायचं. मला दोन्हीकडं आमंत्रण. खीर आणि वडे थोरल्याच्या घरचे जास्त चांगले, हे मी फाल्गुनात बोललो नाही.

थोरले भाऊ शेतकरी, बोलायला कमी. पौषातली ती पंगत बसायच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं होतं. “ह्यो म्हनतो, सूर्याचा उजेडबी उशिरा येतो. व्हय का?”

“हो. आठ मिनिटं लागतात.”

“म्हंजे सूर्य इझला, तरी आपल्याला आठ मिनिटं पत्ता न्हाई?”

“नाही.”

त्यांनी वर बघितलं, मग वाढलेल्या पानांकडं बघितलं.

“मंग बसा बिगीबिगी,” ते म्हणाले. “निदान खीर तरी हुईल.”