सुभेदारांच्या पिशवीतला दगड

कवठे महांकाळला माझं सायकलचं दुकान. दुकानात एक जुनी ट्यूब टांगलीय. तिच्यावर इतकी ठिगळं, की मूळची ट्यूब कुठली हे मलाही सांगता येत नाही. आमच्या ऐतवारच्या सायकल मंडळाचे किस्से तसेच. एकावर एक चिकटत गेलेत. आता खरं खाली किती आणि वरनं मी चिकटवलेलं किती, ते विचारू नका!

मंडळ म्हणजे चार माणसं. रिटायर सुभेदार. रिटायर गुरुजी. राहुल इंजिनिअर, जो पुण्याची नोकरी घरात बसून करतो. आणि मी बाळू, सातवीत दोनदा बसलो आणि दोनदा तिथंच राहिलो. माझ्या सातवीचं गुरुजींना अजून वाईट वाटतं. मला वाटत नाही.

दर ऐतवारी सकाळी दुकानापासनं निघायचं, चार-पाच गावं मागं टाकत चुनखडीच्या माळावर जायचं आणि शेवटी पांढरा चढ चढून देवळापाशी चहा प्यायचा. पूर्वी तिथली चुनखडी भट्टीत भाजून चुना करायचे. आता भट्ट्या गेल्या, धूळ तेवढी राहिली. घरी पोचलो की बायको म्हणते, "सायकल चालवून आलाय का गिरणीतनं दळून आलाय?"

*

राहुलनं नवी सायकल घेतली तेव्हाची गोष्ट. कार्बनची! एका बोटावर उचलायची. किंमत त्यानं बापाला निम्मी सांगितली, आणि तरीही बाप दोन दिवस बोलला नाही.

वाटेत एका वस्तीवर पाण्याला थांबलो. तिथल्या म्हाताऱ्यानं सायकलला एक फेरी मारली. मडगार्ड नाही, कॅरेज नाही, स्टँड नाही, घंटी नाही. त्याला बिचाऱ्याला वाईट वाटलं.

"पोरा, बाकीचं सामान कवा देणार हायती?"

मी म्हटलं, "हप्त्यानं येतंय, आबा!"

तेव्हापासनं त्या वस्तीवरनं गेलं की कोणीतरी ओरडतंच, "राहुल, घंटी आली का रं?"

*

गुरुजींनी शर्यतीतले सायकलवाले घालतात तसली घट्ट चड्डी आणली. काळी, गुडघ्याच्या वर, मागं गादी शिवलेली. ऑनलाइन मागवली आणि महिनाभर लुंगीच्या आत घालून सराव केला म्हणे!

पहिल्याच दिवशी मी मुद्दाम वाट बदलली. शॉर्टकट आहे म्हणून सांगितलं आणि त्यांना बरोबर त्या गावात नेलं, जिथं त्यांनी बावीस वर्षं शाळा चालवली होती. पारावर सगळे त्यांचेच विद्यार्थी बसलेले. गुरुजींनी सायकल आडवी धरली, पण सायकलीच्या आड लपणार किती?

सरपंच उठला, पाया पडला. मग खालनं वर बघत म्हणाला, "गुरुजी, हाफ चड्डी घातली म्हनून आमाला वर्गाभाईर उभं केल्यालं तुमी. ध्यानात हाय न्हवं?"

गुरुजी पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी सीट खालीवर करायला आले. मी ती थोडी जास्तच वर केली.

*

एकदा राहुलच्या मोबाइलनं नवी वाट दाखवली. त्यातली बाई सांगेल तसं आम्ही वळत गेलो. डांबरी संपलं, मग खडी, मग नुसता पांढरा माळ. आणि एका मेंढवाड्याच्या तोंडाशी बाई म्हणाली, तुम्ही मुक्कामी पोचलात.

दोनशे मेंढरं आमच्याकडं बघत होती. धनगर मामा काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "कुठं निघालाय?"

राहुल म्हणाला, "देवळाकडं. पण ही बाई इथंच आणून सोडतीय."

मामांनी मोबाइल हातात घेतला, कानाला लावला आणि प्रेमानं म्हणाले, "बाई, तुमी ऱ्हावा हितंच. ह्यास्नी मी सोडतो."

आणि सोडलं की! मेंढरं पुढं, आम्ही मागं. त्या दिवशी पहिल्यांदा राहुलचा स्पीड मेंढरांच्या बरोबरीनं आला.

*

आता सुभेदार. मिशा वर, छाती पुढं, सायकल जुनी काळी, कॅरेजला खाकी पिशवी. पिशवीत डबा, पंप, रेनकोट. पाऊस आमच्याकडं वर्षातनं चार वेळा पडतो, पण रेनकोट कायम.

बोलणं एकच. "बर्फात पाठीवर पिट्टू घेऊन चढलोय आमी! ह्यो चढ म्हंजे काय!"

आणि पांढऱ्या चढाच्या मध्यावर, बाभळीपाशी, दर ऐतवारी पाय खाली! मी मागनं विचारायचो, "दमला व्हय, सुभेदार?"

"दमतोय कशाला? टेहळणी करतोय!"

हे चाललं होतं तेव्हा राहुल सायकलवरचं वजन कमी करण्याच्या नादाला लागलेला. बाटलीतलं पाणीसुद्धा मोजून घ्यायचा. मला वाटलं, मंडळाचा तोल सांभाळला पाहिजे. एका ऐतवारी सुभेदार हवा भरत होते, तेवढ्यात मी त्यांच्या पिशवीत रेनकोटाखाली चुनखडीचा एक दगड सरकवला. दोन-अडीच किलोचा.

पिशवी बांधून ते निघाले. पुढच्या ऐतवारी पिशवीत दगड नव्हता. मी दुसरा घातला. मग तिसरा. वर्षभर हा माझा नेम. बाभळीपाशी सुभेदार टेहळणी करायचे आणि मी हसू दाबायला बाटली तोंडाला लावायचो. दगड कोण घालतं याचा म्हाताऱ्याला पत्ता नाही म्हणून मी खूश!

*

मग एका ऐतवारी बाभळीपाशी पाय टेकताना सुभेदारांचा तोल गेला. गुडघा फुटला, कोपर सोललं. त्या दिवशी मात्र मी हसलो नाही. दगड माझा होता ना.

घरी सुभेदारांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, जखम पुसली आणि निकाल दिला. "सत्तरी आली. दिवाळीच्या आत त्यो चढ पाय न टेकता चढून दावा. न्हाईतर सायकल माझ्या भाच्याला."

सुभेदारांनी सलाम ठोकला. पण मिशा थोड्या खाली आलेल्या मी पाहिल्या. हा माणूस सायकलीवाचून ऐतवारी करणार काय? टीव्हीपुढं बसून चॅनेलांची टेहळणी?

बघायला म्हणून दोन दिवसांनी घरी गेलो. अंगणात लिंबाच्या झाडाभोवती नवा कट्टा दिसला. पांढराशुभ्र, एकावर एक नीट रचलेला.

मी म्हटलं, "वहिनी, झ्याक झालाय की! कुनी आनलं दगड?"

"येताजाता मिळालं," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. सुभेदार पेपर वाचत होते. पेपर उलटा होता. माझ्या डोक्यात तरीही काही आलं नाही. सातवीत दोनदा उगाच बसलो का मी!

*

दिवाळीच्या आधीचा ऐतवार. वहिनी भाच्याच्या जीपमधनं आधीच वर देवळापाशी जाऊन बसल्या, थर्मास घेऊन. भाच्यानं सायकल टपावर बांधायला दोरीसुद्धा आणलेली!

इकडं दुकानात सुभेदार चेनला तेल घालत होते. एकदा घालून झालं होतं, तरी परत घालत होते. सवयीनं दगड माझ्या हातात तयार होता, चांगला निवडलेला. पिशवीपर्यंत हात गेला आणि माघारी आला. दगड मी दुकानातल्या पाण्याच्या ड्रमच्या मागं ठेवून दिला.

चढ लागला. राहुल पुढं, गुरुजी बाजूला, मी मागं. बाभळीपाशी सायकल डुगडुगली. गुरुजी शाळेच्या मैदानावर ओरडावं तसे ओरडले, "सुभेदार, रेघ सोडायची नाही!" पुढचं चाक एकदा इकडं, एकदा तिकडं. आणि मग बाभूळ मागं गेली.

वर पोचलो. पाय टेकला नव्हता. वहिनींनी स्वतः बघितलं. भाच्यानं दोरी गुंडाळली. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी, राहुल फोटो काढतोय, वहिनींनी कप भरून पुढं केला.

सुभेदारांनी कप घेतला नाही. त्यांनी पिशवी उघडली. डबा काढला. पंप काढला. रेनकोट झटकला. मग माझ्याकडं बघितलं.

"बाळ्या, माझा दगड कुठाय?"

"कसला दगड?"

"दर ऐतवारी घालतोस त्यो."

मी उगाच ब्रेक दाबून बघितला. मग म्हटलं, "आज न्हाई घातला, सुभेदार."

"मग ह्यो चढ धरायचा न्हाई!"

आणि कोणी काही बोलायच्या आत गड्यानं सायकल वळवली, टांग मारली आणि उतारावर सुटला सुद्धा!

वहिनी भरला कप हातात धरून उभ्या. "आता काय ऱ्हायलं ह्यांचं?"

"दगड," मी म्हटलं.

वहिनींनी कपातला चहा परत थर्मासमध्ये ओतला, झाकण घट्ट लावलं, कडेला आल्या आणि उताराकडं तोंड करून ओरडल्या, "आवं, जरा चपटा बघा! कट्ट्याच्या वरच्या थराला एकच कमी पडतोय!"