प्लेटची खालची बाजू

शिवणकामात मुरलेल्या माणसाच्या हातात काहीही द्या, तो ते आधी कापडासारखंच धरतो. टेलरचं तेच झालं. रेडिमेड कपड्यांपुढे दुकान टिकलं नाही, शिलाई मशीन घरात चादर पांघरून बसलं. मग बायकोचा धाकटा भाऊ म्हणाला, "भावोजी, घरी बसून भिंती कशाला मोजताय? या माझ्याकडे." आणि त्यानं टेलरला आपल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये नेऊन प्लाझ्मा कटरपुढे उभं केलं. वीज आणि दाबाची हवा यांच्या जोरावर लोखंड कापणारं ते मशीन. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि शिकाऊ! टेलर हे नाव मात्र शेडमध्येही चिकटलंच.

आता आखलेल्या रेघेवरून जायला त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण अहो, कापड वेगळं आणि लोखंड वेगळं! कात्री जपून चालवायची, वळणावर थांबायचं, कापड फिरवायचं, मग पुढं. कटरचा टॉर्च, म्हणजे ज्वाळा सोडणारी हातातली नळी, तीही टेलर तशीच चालवायला लागला. प्लाझ्माला सावकाशपणा सोसत नाही. हात रेंगाळला की लोखंड नको तितकं वितळतं आणि प्लेटच्या खालच्या कडेला गोळे होऊन थिजतं. त्याला तिथे सगळे स्लॅग म्हणत. कोपऱ्यावर हा थांबला की तिथे खड्डाच पडे. मग घाबरून करंट वाढवी, हवेचा दाब कमी करी, पुन्हा सगळं उलटं फिरवी. कशानं काय बिघडलं ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

हे निस्तरायचं कुणी? तर ठिणगीनं. शेडच्या मागच्या कोपऱ्यात ग्राइंडरनं कडा घासणारा, टेलरपेक्षा वयानं मोठा माणूस. दिवसभर अंगाभोवती ठिणग्या उडायच्या, म्हणून हे नाव पडलेलं. कापलेल्या प्लेटा आधी त्याच्याकडे जात आणि मग मालकासमोर. म्हणजे मेहुण्याला दिसे ती ठिणगीनं घासून गुळगुळीत केलेली कड.

"वा भावोजी! बसला की हात!" मेहुणा म्हणे, आणि हा पठ्ठ्या नुसता हसे. खरं सांगितलं असतं तर काय जीभ झडली असती? पण भावाकडून हे कौतुक ऐकून बायको घरात गुणगुणत वावरायला लागली होती. दुकान बंद झाल्यापासून तिला असं कधी पाहिलंच नव्हतं त्यानं. बसला मूग गिळून.

एक दिवस मेहुणा भडकला. टेलरवर नाही हं, ठिणगीवर. "ग्राइंडरच्या इतक्या चकत्या जातात कुठं? आणि एका प्लेटला इतका वेळ? हात चालत नसेल तर सांगा सरळ!"

टेलर हातभर अंतरावर उभा होता. ठिणगीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. टेलर आपल्या हातमोज्याची शिवण निरखायला लागला, जणू जगात तेवढंच उसवलं होतं.

"बघतो साहेब, उरकतो लवकर," ठिणगी म्हणाला, आणि पुन्हा घासायला बसला.

त्या संध्याकाळी टेलर ताटातला भात नुसता चिवडत बसला. "माझा भाऊ काही बोलला का?" बायकोनं विचारलं. "छे, मला कशाला बोलेल?" तो म्हणाला. तेच तर मेलं मनाला खात होतं. जेवण झाल्यावर त्यानं मशीनवरची चादर काढली आणि उरलेल्या जाड कॅनव्हासचा एक एप्रन शिवला. ठिणगीचं माप विचारलं नव्हतं, नजरेनंच घेतलेलं.

"हे कशाबद्दल?" दुसऱ्या दिवशी ठिणगीनं विचारलं.

"असंच."

"असंच म्हणून कुणी दुहेरी शिवण घालत नाही, टेलर." ठिणगी हसला. "माझा खांदा वाचवायचाय ना? मग प्लेट उलटी करून बघायला शिका. गोळे जाड आहेत आणि ठोकल्यावर पडतायत, म्हणजे हात हळू. पातळ आणि चिवट असतील, तर घाई झाली. कापताना ठिणग्या खालून जराशा मागं रेलल्या पाहिजेत. कोपऱ्यावर थांबू नका, फुकट जाणाऱ्या भागात बाहेर जाऊन वळून या. आणि बाबा रे, एका वेळी एकच बटण फिरवा!"

टेलर भंगारातल्या तुकड्यांवर हात बसवत राहिला. शेवटी एक दिवस टॉर्चचा आवाज एकसारखा लागला, प्लेट उलटी केली तर खाली काहीच नाही. लहान मुलासारखा हरखला तो.

मेहुण्यानंही ती कड पाहिली. "भावोजी, आता घासायला उरलंच काय? ठिणगीला सांगून टाकतो, पुढच्या महिन्यापासून नको यायला. नाहीतरी काम लांबवतोच तो."

टेलरनं टॉर्च खाली ठेवला. "अरे, तो लांबवत नव्हता. माझी घाण काढत होता. तुला दिसायची ती सगळी कड त्याची होती, माझी नाही."

मेहुणा शांतपणे म्हणाला, "माहितीये मला. लोखंडात वाढलोय मी. पण तुम्हाला कसं बोलणार? ताईकडे बघून त्याला बोललो."

"मग आता तरी ठेव त्याला."

"ठेवतो की. काम दाखवा."

काम दाखवा! दुसऱ्या दिवशी टेलरनं काय करावं? मुद्दाम हात रेंगाळवला. कडेला गोळे लोंबकळले, प्लेटा मागच्या कोपऱ्यात गेल्या. थोड्याच वेळात ठिणगी एक प्लेट घेऊन समोर उभा.

"हे चुकून आलेलं नाही. कोपरे बिनचूक आणि सरळ कडेला गोळे? चुकणारा माणूस आधी कोपऱ्यात चुकतो."

"दादा, तुमचं काम जाईल हो..."

"म्हणून अशी मुद्दाम घाण करून मला काम देणार? त्या दिवशी बोलायचं होतं, टेलर. हातभर अंतरावर होतात." त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला, मग उतरला. "कापा नीट. मी बघतो."

टेलरनं कापलं. डोळे भरून आले तरी रेघ सुटली नाही, इतका हात आता बसला होता. ठिणगीनं गरम प्लेट निवेपर्यंत वाट पाहिली, हातमोजा काढला आणि खालच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"नाही काही," तो म्हणाला.

महिना भरायचीही वाट त्यानं पाहिली नाही. ग्राइंडरची वायर गुंडाळली, एप्रन सोडून टेलरच्या टेबलावर ठेवला. "हा वापरा. ठिणग्या आता तुमच्याच अंगावर."

टेलर रोज तोच बांधतो. खांद्यात सैल, खाली गुडघ्यापर्यंत लांब, कामात अडकतो. "अहो, टेलर ना तुम्ही?" बायको म्हणते. "उसवून आपल्या मापाचा करून घ्या की."

तो हो म्हणतो, आणि तसाच बांधून कामाला जातो.