सातवी सुई

रेडियमला वास नसतो. ऊब लागत नाही, आवाज येत नाही. आमच्याकडच्या सुया प्लॅटिनमच्या नळीत बंद केलेल्या असत, त्यामुळे अंधारातही त्यांचा उजेड पडत नसे. दिसायला मोडक्या दाभणाच्या टोकासारख्या. इतकी निमूट वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही, आणि मुंबईच्या एका इस्पितळात तिच्यावर नजर ठेवणं हे माझं काम होतं.

मी पोलादपूरकडचा. कापडे गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. चौथीनंतर शाळा सुटली आणि मुंबईत आलो तो इस्पितळाच्या फरश्या पुसायला. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी एकदा माझं अक्षर पाहिलं आणि हातातलं फडकं काढून वही दिली. तो उपकार मला अजून रोज सकाळी आठवतो. शिशाच्या पेटीतून कोणती सुई किती वाजता निघाली, कोणाच्या अंगात गेली, परत कधी आली, हे मी लिहायचं. सुई चिमट्यानं उचलायची, हात लांब ठेवायचा, डोळा घड्याळावर. साहेबांच्या स्वतःच्या दोन बोटांना कायम पट्टी असे. मला शिकवायला कोणी नव्हतं, तुला आहे, असं ते म्हणत. मी मुळात भित्रा. पेटीला कुलूप लावून जिन्यापर्यंत जायचो आणि परत येऊन ओढून बघायचो. साहेब त्याला हसत नसत. या कामाला भित्राच माणूस लागतो, असं त्यांचं मत होतं.

एका फाल्गुनात वॉर्डात एक म्हातारी आली. जन्मभर मशेरी लावलेली, गालाच्या आत गाठ. तोंड उघडून बोलली आणि मी ओळखलं, ही आपल्या खोऱ्यातली. तिची वाडी आमच्या समोरच्या डोंगराच्या सोंडेवर. त्यांची चूल पेटली की आमच्या अंगणातून धूर दिसावा इतकी जवळ, पण चालत जायला अर्धा दिवस. गालात सुया खुपसणार हे कळल्यावर ती अंथरुणावर उठून बसली आणि मला घरी धाडा म्हणाली. साहेबांनी मला पुढं केलं. तू तिच्या बोलीत समजाव.

काय समजावणार? मलाच पुरतं कुठं कळलं होतं. मी तिच्या उशाशी बसलो आणि म्हणालो, "आजी, ही सुई जिथं असंल तिथं वाईट काय टिकत नाय."

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "कायच टिकत नाय?"

"कायच नाय."

तिनं तोंड उघडलं. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी मी जेवताना दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

तिच्या गालात सात सुया घातल्या. प्रत्येक सुईला रेशमाचा काळा दोरा, आणि दोऱ्यांची टोकं गालावर पट्टीनं चिकटवलेली. सात दिवस त्या तशाच राहायच्या. मी सकाळ-संध्याकाळ दोन हात लांबून दोरे मोजायचो आणि वहीत सात लिहायचो. तिसऱ्या दिवशी तिचा मुलगा गावाहून आला. त्याला मुलगा झाला होता, दोन दिवसांचा. म्हातारी रडली. सुनेची आधीची दोन मुलं पाचवी उलटायच्या आत गेलेली, हे तिनं मला आल्या दिवशीच सांगितलं होतं. मुलगा तासभर बसला आणि पाचवीच्या पूजेला पोचायचं म्हणून लगेच परत गेला.

सातव्या दिवशी साहेबांनी एकेक दोरा धरून सुया बाहेर काढल्या. सहा आल्या. सातवा दोरा ओढला तो नुसताच हातात आला.

आमच्याकडे एक यंत्र होतं. साहेब त्याचं लांबलचक नाव घेत, आम्ही त्याला पानांची डबी म्हणायचो. काचेच्या खिडकीची पितळी डबी, आत सोन्याची दोन पानं, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. काळा रूळ लोकरीवर घासून डबीला टेकवला की पानं एकमेकांपासून फाकतात आणि फाकलेली राहतात. जवळपास रेडियम असलं की ती हळूहळू मिटतात. कोणी हात लावत नाही, वारा नसतो, तरी मिटतात. ती डबी घेऊन मी म्हातारीच्या गालाजवळ गेलो. पानं उभी. अंथरूण, मोरी, धोब्याकडची चादर, केराची बादली. दोन दिवस मी इस्पितळभर फिरलो. पानं कुठंच हलली नाहीत.

तिसऱ्या सकाळी मी म्हातारीजवळ खाली बसलो. गाल सुजलेला, शब्द फुटत नव्हता.  शेवटी तिनंच मला जवळ बोलावलं आणि माझ्या कानात म्हणाली, "नातवाला धाडली. तूच म्हनलास ना, वाईट टिकत नाय."

मुलगा भेटायला बसला होता त्या तासाभरातच तिनं पदराआड सुई ओढून काढून त्याच्याकडे दिली होती. दोरा दातांनी तोडून त्याचं टोक परत पट्टीखाली सरकवलं होतं. मी सात दोरे मोजत राहिलो, सुया मोजल्याच नाहीत.

साहेबांना मी सगळं सांगितलं, माझे शब्दसुद्धा.  मग त्यांनी शिशाची लहान पेटी आणि पानांची डबी माझ्यापुढं ठेवली. "रोगाच्या गाठीला जे जाळतं ते चांगल्या अंगालाही जाळतं," ते म्हणाले. "पण कातडी दहा-पंधरा दिवसांनी बोलते. तोवर त्या घरात कोणाला काही कळणार नाही. तू जा."

निघताना मी न विचारता एक वस्तू उचलली. नव्या डॉक्टरांना हात बसवायला आमच्याकडे रिकाम्या सुया असत, तशाच दिसणाऱ्या, आत काही नसलेल्या. त्यातली एक मी टोपीच्या घडीत खोचली. वहीत लिहिलं, शिकाऊ सुई एक, हरवली. त्या वहीत मी लिहिलेलं खोटं तेवढंच.

धरमतरपर्यंत लाँच, पुढं महाडपर्यंत सर्व्हिस मोटार. महाडहून दुसऱ्या दिवशी पोलादपूर, आणि कापड्यापासून पायी. सगळ्या वाटेवर भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळून राब भाजत होते. रान काळं आणि धूर खाली बसलेला, डोंगर अर्धेच दिसत होते. आमच्या वाडीची वाट जिथं फुटते तिथं मी थांबलो नाही. चार वर्षांत घरी गेलो नव्हतो, पण डोक्यात एकच हिशेब चालू होता. सुई त्या घरात येऊन सहा दिवस झाले, उद्या सात.

दुपारी त्या सोंडेवर चढलो. ओटीवर म्हातारीचा मुलगा दोरी वळत बसला होता. मी सुईचं विचारलं. कसली सुई, म्हणाला. आईनं तर नुसता अंगारा धाडला होता. बोलताना त्यानं दोरीवरची नजर वर केली नाही. तेवढ्यात शेजारची चार माणसं जमली. मी घोंगडीवर रूळ घासून पानं उभी केली तेव्हा त्यांतला एक म्हणाला, "मुंबईला जाऊन भगत झाला रे ह्यो. डबीत काय हाय, कोंबडा?" सगळे हसले. मीही हसलो असतो, पण ओटीवरच पानं जरा जवळ आल्यासारखी वाटली.

बाळंतिणीच्या खोलीत मला जाता येणार नव्हतं. अजून सोयर होतं. मी बाहेरून घराला वळसा घातला. गोठ्याच्या अंगाला पानं ताठ उभी. माजघराच्या कुडाशी कलली. माझ्या मागोमाग आता ती माणसंही येत होती, आणि हसणं बंद झालं होतं. खोलीच्या कुडाशी मी डबी खाली, बाजेच्या उंचीला धरली. ताज्या सारवणाचा वास येत होता. मध्ये कारवीचा आणि शेणामातीचा कूड, पलीकडे बोलण्याचा आवाज नाही. पानं मिटली. एकदम नाहीत. कोणी दमून डोळे मिटावेत तशी.

मी परत रूळ घासला, परत उभी केली. परत मिटली. म्हातारीचा मुलगा माझ्या मागं उभा होता. तो हलकेच म्हणाला, "आत कोन हाय रे?"

त्याला वाटलं, डबीला आत काही दिसतंय. मी त्याला खरं सांगू शकत नव्हतो. आईनं ज्या विश्वासानं सुई धाडली तो विश्वास मीच दिलेला. पाचवी टळली होती, मूल जगलं होतं, आणि आता मी सांगणार की हीच सुई त्याला खाईल? त्यानं मला सोंडेवरून खाली ढकललं असतं आणि सुई तिथंच राहिली असती. मग मी पुन्हा तसंच बोललो, जसं वॉर्डात बोललो होतो. म्हणालो, पाचवीला लावलेली सुई घरात ठेवत नाहीत. तिचं काम झालं. ती आली तिकडं परत जाते, आणि तिच्या जागी दुसरी देतात, ती कायमची. टोपीतली सुई काढून मी त्याला दाखवली. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग कुडाशी तोंड नेऊन त्यानं बायकोला सांगितलं.

आतून बाईचा आवाज आला. "नवी पन तशीच हाय?"

"तशीच, वैनी," मी म्हणालो.

"सुई आल्यापास्नं बाळ लय शांत हाय. रडत नाय, काय नाय."

ती हे समाधानानं सांगत होती. मला मात्र ऐकवेना. दहा दिवसांचं मूल रडत नाही. मी विचारलं, सुई कुठं ठेवलीय. ती म्हणाली, मोहरीच्या उशीत, डोक्याखाली, म्हणजे टोचत नाय.

उशी बाहेर आली. हातभर लांबीची, जुन्या लुगड्याची, अजून कोमट. मुलाच्या डोक्याची ऊब. मी सगळ्यांना मागं सरकायला सांगितलं, उशी अंगणातल्या दगडावर ठेवली आणि टाका उसवला. मोहरी घरंगळली. चिमट्यानं चाचपताना तिसऱ्या खेपेला ती लागली, अर्धा काळा दोरा तसाच शेपटासारखा. पेटीत टाकली, झाकण लावलं. मग पेटी पार आंब्याखाली नेऊन ठेवली आणि कुडाशी परत आलो. रूळ घासला. पानं फाकली. मी तोंडानं शंभरपर्यंत मोजलं. पानं उभीच होती. आत मूल रडायला लागलं, आणि तो शेजारी, मघाचा कोंबडेवाला, खाली बसून डोक्यावरचं मुंडासं सोडायला लागला.

रिकामी सुई मी बाळाच्या आईच्या हाती पोचती केली. उशी पुन्हा शिवू नका, नवी करा, एवढं सांगितलं.

परतताना पेटी काठीच्या टोकाला बांधून खांद्यामागं लांब लोंबती ठेवली. कापड्यात बातमी पोचली होती. वाटेवर माझी आई उभी होती. चार वर्षांनी. ती पुढं आली तसा मी हात वर करून ओरडलो, जवळ येऊ नको. ती थांबली. काठीच्या टोकाला काय आहे ते तिनं विचारलं नाही. तिला वाटलं असणार, कुणाच्या तरी अंगातलं बाहेरचं काढून नदीत सोडायला चाललाय. आम्ही वीस पावलांवरून एकमेकांची विचारपूस केली. मग तिनं भाकरीचं गाठोडं दगडावर ठेवलं आणि मागं सरली. मी ते उचललं. पोलादपुरात बैलगाडी केली, पेटी मागच्या टोकाला ठेवून स्वतः बैलांच्या पुढं चालत महाड गाठलं. गाडीवान वाटभर मागं वळून पेटीकडे बघत होता.

साहेबांनी सुई मोजून घेतली. मला कामावरून काढलं नाही. फक्त म्हणाले, यापुढं रोग्याशी बोलशील ते मला ऐकवून बोल. इतक्या वर्षांत मी तो नियम मोडलेला नाही.

महिन्याभरानं गावाहून पत्र आलं. मुलाच्या उजव्या कानामागं कातडी लाल होऊन सोलली होती. साहेबांनी मलम धाडलं. जखम भरली, पण तिथं केस आले नाहीत. चांदीच्या रुपयाएवढी चकती. घरचे म्हणतात, सटवाईनं कपाळाऐवजी तिथं लिहिलं, म्हणून पोर वाचलं. म्हातारी पुढं दोन वर्षं जगली. सातवी सुई तिच्या गालात पूर्ण दिवस राहिली असती तर आणखी जगली असती का, हे साहेबांना विचारण्याची माझी छाती झाली नाही.

आता मी दर शिमग्याला घरी जातो, आणि एक दिवस समोरच्या सोंडेवर चढतो. रिकामी सुई त्यांच्या देव्हाऱ्यात आहे, हळदीकुंकवानं जाड झालेली. मूल शाळेत जाऊ लागलंय, दांडगं आहे. मला पाहिलं की ते पळत येतं आणि सवयीनं मान वाकवून कानामागची जागा पुढं करतं. मी बघतो, कडा वाढलीय का, गाठ आहे का, रंग बदललाय का. मग बोटानं चाचपतो. माझ्या बोटांच्या टोकांवरच्या रेषा या कामात कधीच पुसल्या गेल्यात. बोट त्या चकतीवरून फिरतं तेव्हा कातडी कुणाची आणि बोट कुणाचं, हे मला क्षणभर कळत नाही. त्याची आई दारातून विचारते, "बरं हाय ना?"

मी म्हणतो, "बरं हाय." आणि पुढच्या शिमग्यापर्यंत माझं मन त्या घराभोवती फिरत राहतं.